ड्रिफ्ट बोट घ्यायची म्हणतोस, पण वल्ही कोण मारणार?

ओरेगनात हिल्सबोरोला राहतोस, दोन हिवाळे क्लॅकमस आणि सँडी नद्यांच्या काठावर उभं राहून स्टीलहेड माशांच्या मागे लागलायस, समोरून ड्रिफ्ट बोटी, म्हणजे प्रवाहासोबत खाली जाणाऱ्या वल्ह्यांच्या होड्या, जाताना बघून जीव जळतोय, आता ७ हजार डॉलर बाजूला टाकलेत, बायको आणि ९ वर्षांची मुलगी पण येणार, आणि विचारतोयस की ॲल्युमिनियम घेऊ का फायबरग्लास, १६ फुटी का १७ फुटी. सगळं सांगतो, पण त्याआधी मलाच तुला एक विचारायचंय. वल्ही कोण मारणार?

कारण बोट ज्याची, वल्ही त्याची. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. १७ वर्षांत मी तीन ड्रिफ्ट बोटी केल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवशी माझ्या हातात गळ नव्हता, वल्ही होती. पुढच्या सीटवर बसलेले दोघं मासे मारतात, फोटो काढतात, घरी जाऊन स्टेटस टाकतात आणि तू मधे बसून पाण्याकडे बघत असतोस. वरातीतला घोडेवाला असतो ना, तसं. मला स्वतःला ते काम माशापेक्षा जास्त आवडायला लागलं म्हणून मी टिकलो, माझ्या ओळखीतल्या चार जणांनी एका सीझनमध्ये बोटी विकल्या. म्हणून विकत घ्यायच्या आधी एकदा कोणाच्या तरी बोटीत बसून दिवसभर वल्ही मार. एखाद्या गाइडला पैसे देऊन सांग की मला मासे नकोत, वल्हवायला शिकव, बरेच जण आनंदाने शिकवतात. संध्याकाळी पाठ मोडून पण हसत असशील तर पुढचं वाच.

आता ही होडी चालते कशी ते नीट समजून घे, बाकीचे सगळे निर्णय त्यातनंच निघतात. मी सांगलीचा, कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघत वाढलो, तिथं सगळा खेळ जोर लावून पुढं जायचा. इथं बरोबर उलटं. तू तोंड करून बसतोस नदी जिकडे वाहते तिकडे, आणि वल्ही स्वतःकडे ओढतोस, म्हणजे बोट मागं, प्रवाहाच्या विरुद्ध जाते. नदी तुला खाली नेतच असते, तू फक्त ब्रेक मारत असतोस. पाणी समजा ताशी ५ मैलांनी चाललंय तर तुझी बोट ३ मैलांनी. आंबा घाट उतरताना गाडी सेकंड गिअरला टाकून इंजिनावर उतरवतो ना आपण, अगदी तसं. जो न्यूट्रलवर उतरतो त्याचं काय होतं ते तुला माहितीये.

आणि वळायचं कसं? समोर डावीकडे खडक दिसला तर बोटीचं नाक त्या खडकाकडे कर आणि मागं ओढ. बोट तिरकी होऊन उजवीकडे सरकते. धोक्याकडे तोंड करायचं आणि त्याच्यापासून लांब ओढायचं, एवढा एकच मंत्र. पहिल्या दिवशी मेंदू हे मान्यच करत नाही, तो म्हणतो नाक उजवीकडे वळव आणि ढकल. तसं केलंस तर बोट पाण्यापेक्षा जोरात जाते आणि आडवी होऊन खडकावर आदळते.

म्हणूनच हिचा आकार असा विचित्र आहे. तळ सपाट, पण लांबीच्या दिशेने केळ्यासारखा वाकलेला, दोन्ही टोकं उचललेली, बाजू बाहेरच्या अंगाला उघडलेल्या. पाण्याला टेकतो तो फक्त मधला भाग, त्यामुळे एका वल्ह्याच्या फटक्यात बोट जागेवर गरकन फिरते आणि वीतभर-दीड वीत पाण्यात पण तरंगते. उंच टोकदार बाजू पुढे, खालच्या दिशेला, लाटा फोडायला. मागची कापलेली सपाट बाजू वरच्या दिशेला, तिथं नांगर लटकतो. हा आकार आपल्या ओरेगनचाच, मॅकेन्झी नदीवरचा. युजीन आणि स्प्रिंगफील्डकडे १९३०-४० च्या दशकांत टॉम कारहस, वुडी हिंडमन असल्या कारागिरांनी प्लायवूड वापरून तो घडवत नेला, तिथले गाइड गिऱ्हाइकांना घेऊन खळाळातनं उतरायचे, त्यांना हलकी आणि चटकन वळणारी बोट पाहिजे होती. आजसुद्धा हिला मॅकेन्झी बोट म्हणतात.

आता तुझा ॲल्युमिनियम-फायबरग्लासचा प्रश्न. लोक यावर जन्मभर भांडू शकतात, मी तुला सरळ सांगतो. ॲल्युमिनियम खडकाला चिकटतं, फायबरग्लास खडकावरनं घसरतं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की नदीत गोटेच गोटे वर येतात, तेव्हा ॲल्युमिनियमची बोट कर्र्र आवाज करत थांबते आणि तू उतरून ढकलतोस. यावर उपाय आहे, तळाला ग्लूव्हिटसारखं इपॉक्सी कोटिंग मारतात किंवा जाड प्लास्टिकचा पत्रा बसवून घेतात, मग ती पण बरी घसरते. उलट फायबरग्लासला टोकदार खडकाचा जोरात फटका बसला तर तडा जातो, पण तो घरच्या घरी सँडिंग करून, कापड आणि रेझिन लावून दुरुस्त होतो, मी गॅरेजमध्ये दोनदा केलाय, वास तेवढा आठवडाभर घरात राहतो आणि बोलणी खावी लागतात. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, फाटत क्वचितच, पण फाटलंच तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग येणारा माणूस शोधावा लागतो. शिवाय ॲल्युमिनियम आवाज फार करतं, मुलीने थर्मास पाडला तर अख्ख्या डोहाला कळतं, आणि जानेवारीत पहाटे त्याला हात लावलास तर बर्फाला लावल्यासारखं वाटतं.

लाकडाचं नाव काढू नकोस. माझी पहिली बोट लाकडाची होती, दिसायला इतकी देखणी की रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, लोक येऊन हात फिरवायचे. मी पण त्या दिसण्यालाच भुललो. तळ आणि बाजू जिथं मिळतात ती कड आतनं कुजलेली होती, वरून तीन कोट व्हार्निश. दुसऱ्या हिवाळ्यात पेचकस टोचला तर लोण्यात जावा तसा गेला. लाकडी बोट हे मासेमारीचं साधन नाही, तो सुतारकामाचा छंद आहे, तुला तो असेल तर वेगळी गोष्ट.

इथं आपल्या पश्चिम ओरेगनात ॲल्युमिनियम जास्त दिसतं, युजीनची कॉफलर, दक्षिणेकडची विली, अल्युमावेल्ड वगैरे. फायबरग्लासमध्ये क्लॅकाक्राफ्ट इथलीच, हाइड आयडाहोची, लॅव्हरो वॉशिंग्टनची. मोंटाना-आयडाहोकडे ट्राउट मासे मारणारे कमी उंचीच्या फायबरग्लास बोटी वापरतात कारण तिथं वारा वेड्यासारखा वाहतो आणि उंच बाजूची बोट वाऱ्यात शिडासारखी ओढली जाते. आपल्याकडे हिवाळ्यात भरलेल्या नदीवर स्टीलहेडला जायचं, थोड्या लाटा असणार, पोरगी सोबत असणार, तर उंच बाजू पाहिजेत. तुझ्या बजेटमध्ये वापरलेली, ट्रेलरसकट, उंच बाजूची ॲल्युमिनियम बोट शोध असं मी म्हणेन. मी स्वतः सध्या फायबरग्लास वापरतो, पण माझी पोरं मोठी झाली आणि मी उन्हाळ्यात ट्राउटला जास्त जातो म्हणून.

साइझबद्दल बोलताना दोन आकडे येतात, १६ बाय ४८, १७ बाय ५४, १८ बाय ६० असे. पहिला लांबी फुटात, दुसरा तळाची रुंदी इंचात. लोक लांबीवर अडकतात पण खरा फरक रुंदीचा. ४८ इंची तळाची बोट एकट्या माणसाला वल्हवायला झकास, हलकी, अरुंद फटीतनं निघते, पण तिघं आणि सामान चढलं की खाली बसते आणि प्रत्येक दगडाला लागते. ५४ इंची उभं राहायला स्थिर, वजन घेते, कमी पाण्यात वर राहते. तुम्ही तिघं आहात, १६ बाय ५४ किंवा १७ बाय ५४ बघ. १८ बाय ६० गाइड लोकांसाठी, ती रिकामी असली तरी संध्याकाळी समोरनं वारा आला की खांदे निखळतात.

त्याआधी गॅरेज मोज! हे कोणी सांगत नाही. १७ फुटी बोट ट्रेलरवर चढली की पुढचा दांडा धरून २० फुटांच्या पुढं जाते, आणि ते उंच टोक गॅरेजच्या दाराला वर अडकतं. ट्रेलरचा दांडा घडी होणारा असेल तर बरं. आणि तुझी कॉलनी एचओएवाली, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे नियम असलेली, असेल तर ड्राइव्हवेत ट्रेलर उभा करायला परवानगी आहे का ते आधी वाच. मला तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं होतं, मग एका मित्राच्या शेडमध्ये दोन वर्षं बोट ठेवली आणि दर वेळी आधी त्याच्याकडे जा, मग नदीवर. त्या दोन वर्षांत मी निम्म्याच ट्रिपा केल्या. जागा अजिबात नसेल तर फ्रेमवाला राफ्ट घे, हवा काढून कोपऱ्यात ठेवता येतो आणि खडकाला आपटला तरी उडी मारून पुढं जातो. त्यात उभं राहून गळ टाकायची मजा कमी, एवढंच.

वापरलेली बोट बघायला जाताना फ्लॅशलाइट, जुनी चटई आणि पाण्याचा पाइप लावायची परवानगी, तीन गोष्टी पाहिजेत. चटई टाकून ट्रेलरखाली झोप. अगदी खरोखर झोप, वाकून बघितल्यावर काही दिसत नाही. ॲल्युमिनियमचा तळ साधारण ०.१२५ इंच जाडीचा असतो, त्यावर खरचटलेल्या रेघा असणारच, त्यांना घाबरू नको, तू बघायचंस तळ आणि बाजू जिथं जोडलेत ती वेल्डिंगची रेघ. तिथं केसासारखी बारीक चीर, किंवा पांढरट पावडर, किंवा नवीनच लावलेला सिलिकॉन दिसला की समज. मग बोटीत आत पाइप लावून चार इंच पाणी भर आणि दहा मिनिटं खाली बघत बस. बाहेरनं आत येणारं पाणी आतनं बाहेर पण येतं. विकणारा म्हणाला की एवढं काय करायचंय, तर नमस्कार करून निघ. फायबरग्लास असेल तर बोटाच्या पेराने तळ ठोकत जा, टणटणीत आवाज येतो तो चांगला, एकदम भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत.

वल्ही जिथं अडकवतात ते खोबणे हलवून बघ, त्यांची भोकं झिजून लांबट झाली असतील तर वल्हं प्रत्येक फटक्याला कटकट करतं. मागच्या बाजूची नांगराची पुली, मधली दोरी, पायाने सोडायचं पेडल, सगळं दोरी ओढून चालवून बघ. पाणी काढायचा प्लग आहे का बघ.

आणि ट्रेलर! बोट बघणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण ट्रेलर बघतच नाहीत. माझी दुसरी बोट घेतली तेव्हा विकणारा म्हणाला बेअरिंग मागच्याच वर्षी बदललेत, मी मान डोलावली. तिसऱ्या ट्रिपला हायवे ६ वरनं टिलामुककडे जाताना डाव्या चाकातनं धूर. कोस्ट रेंजच्या मधोमध, फोनला रेंज नाही, पाऊस, आणि मागं मॅरिनेट केलेलं चिकन. चाकाला हात लावला तर चटका बसला. तीन तास तिथंच. आता मी नवीन ट्रेलर बघतो तेव्हा जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवतो, घरघर आली की तेवढे पैसे कमी करून मागतो, आणि माझ्या स्वतःच्या ट्रेलरचं ग्रीस दर सप्टेंबरला, सीझनच्या आधी. टायरवर काळा रंग चकाचक असला तरी बाजूच्या भेगा बघ, ट्रेलरचे टायर चालून झिजत नाहीत, उभ्याउभ्या उन्हात सडतात.

७ हजारातले दीड हजार वेगळे ठेव. सगळे बोटीत घातलेस तर वल्ही मिळतील सोबत आलेली, कोणाचीतरी वाकडी. वल्ह्यांवर पैसे घालायला कंजूषपणा करू नको. १६-१७ फुटीला साधारण ९ ते १० फुटी वल्ही लागतात, सॉयर कंपनीची लाकडी किंवा कॅटरॅक्टची काँपोझिट, दोन्ही चांगली. लाकडी हाताला मऊ लागतात, किंचित वाकतात, दिवसभर मारली तरी मनगट दुखत नाही. आणि तिसरं वल्हं, स्पेअर, हाताशी बांधून ठेव, पण असं की दोन सेकंदात सुटेल. सामानाच्या खाली अडकलेलं स्पेअर वल्हं काही कामाचं नाही.

आता नांगर. इथं जरा थांबून सांगतो कारण मी यात मरता मरता वाचलोय आणि आता तुझ्या बोटीत ९ वर्षांची पोरगी बसणार आहे.

साधारण ३० पौंडांचा नांगर, मागच्या बाजूला लटकलेला. दोरी पुलीतनं वल्हवणाऱ्याच्या पायाशी येते, पेडल दाबलं की सुटते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी दोरीच्या शेवटाला गाठ मारून ठेवली होती, चुकून सगळी दोरी पाण्यात जाऊ नये म्हणून. शहाणपणा! क्लॅकमसवर एका डोहाच्या शेवटाला, जिथं पाणी परत उथळ होऊन पळायला लागतं, तिथं मासा उसळला. मित्र ओरडला थांब थांब, आणि मी पेडल दाबलं. नांगर दोन दगडांच्या मधे बसला. बोट झटक्यात थांबली, नदी थांबली नाही. मागची सपाट बाजू खाली ओढली गेली आणि मी मागं वळून बघतो तर हिरवं पाणी काचेसारखं कडेवरनं आत येतंय, आवाज न करता. दोरी ओढली, येत नाही. सोडली, तर शेवटी ती गाठ पुलीत जाऊन अडकली. मित्राने सँडविचसाठी आणलेली सुरी होती, तिने करकर करून दोरी कापली, दोन-तीन वेळा सुरी घसरली. बोटीत गुडघ्याच्या खाली पाणी होतं, आणि पाणी किती गार असतं हिवाळ्यात तुला माहितीच आहे, चार-पाच डिग्री सेल्सियस. पुढच्या वळणावर कसेबसे वाळूत लागलो. कोणीच बराच वेळ बोललं नाही, मग तो म्हणाला सँडविच भिजलं.

तेव्हापासून माझ्या दोरीला शेवटी गाठ नसते, नांगर गेला तर गेला. सुरी माझ्या लाइफ जॅकेटवर, छातीवर, डाव्या हाताने निघेल अशी, सामानात नाही. आणि जोरात पळणाऱ्या पाण्यात नांगर टाकायचाच नाही, आधी वल्ही मारून कडेच्या संथ पाण्यात यायचं, मग. नांगर हा बोट थांबवायला नसतो, थांबलेली बोट धरून ठेवायला असतो.

दुसरा धोका पडलेली झाडं. खडकाभोवतीनं पाणी वळतं, तुला पण ते वळवतं, पण झाडाच्या फांद्यांतनं पाणी आरपार जातं आणि माणूस अडकतो. हिवाळ्यातल्या प्रत्येक पुरानंतर झाडांच्या जागा बदलतात, गेल्या महिन्यात मोकळा असलेला फाटा आज बंद असू शकतो. वळणापलीकडचं दिसत नसेल तर काठाला लाव, उतर, चालत जाऊन बघून ये, त्यात कमीपणा नाही. आणि कधी खडकावर आडवा लागलासच तर सगळ्यांना खडकाच्या बाजूला झुकायला सांग. माणूस घाबरून उलटीकडे झुकतो, मग वरच्या बाजूची कड पाण्यात जाते आणि बोट भरते. हे घरच्यांना काठावर असतानाच दोनदा करून दाखव.

लाइफ जॅकेटचा कायदा असा की बोट चालू असताना १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी घातलंच पाहिजे, आणि क्लास ३ (खळाळ किती अवघड त्याची श्रेणी) किंवा वरच्या खळाळात सगळ्यांनी. माझा कायदा असा की बोटीत पाय ठेवायच्या आधी सगळ्यांनी, गाडीजवळच. ड्रिफ्ट बोटीला राज्याचा वॉटरवे ॲक्सेस परमिट लागतो. इलेक्ट्रिक जरी मोटर लावलीस तरी रजिस्ट्रेशन आणि टायटल आलं, त्यामुळे घेताना विकणाऱ्याकडे टायटल, म्हणजे मालकीचा कागद, आहे का ते विचार. पाण्यातनं बाहेर काढलं की प्लग उघडून पाणी काढायचं आणि रस्त्यात बोट तपासणीचं स्टेशन उघडं दिसलं तर थांबायचं, ते ऐच्छिक नाही.

नद्या कुठल्या करायच्या? पहिल्यांदा क्लॅकमसवर बार्टन ते कार्व्हर, साधारण ६ मैल, चुका माफ करणारं पाणी. ते दहा वेळा कर. कंटाळा येईपर्यंत कर. मग सँडीवर ऑक्सबो ते डॅबनी. त्याच्या वरचा डॉज ते ऑक्सबो भाग बघून मोह होईल, तिथं पाइपलाइनचा खळाळ आहे, तो पहिल्या वर्षी नको. मॅकेन्झी नंतर, आणि तिथं गेलास तर व्हायडाजवळचा १९३८ चा गुडपास्चर कव्हर्ड ब्रिज बायकोला दाखव, लाकडी छपराचा पूल, २०२० च्या वणव्याने त्या खोऱ्यातलं केवढं काय काय नेलं पण पूल उभा आहे.

डिशूट्सबद्दल वेगळं सांगतो कारण उन्हाळ्यात सगळे तिकडे पळतात. वॉर्म स्प्रिंग्ज ते ट्राउट क्रीक, १० मैल, सुंदर, सोपं, ट्राउट भरपूर. पण तिथं बोटीतनं गळ टाकायला बंदी आहे, बोट फक्त वाहन, उतरून पाण्यात उभं राहून मासे मारायचे. बोटर पास वेगळा, आणि पश्चिमेचा काठ वॉर्म स्प्रिंग्ज आदिवासींचा, तिथं त्यांचा परमिट. आणि ट्राउट क्रीकला बाहेर पडायचंच. गप्पांत विसरून पुढं गेलास तर काही मैल खाली व्हाइटहॉर्सचा खळाळ आहे, तिथं अनुभवी लोकांच्या ड्रिफ्ट बोटी पण खडकांवर गुंडाळल्या गेल्यात.

निघायच्या आधी रोज पाण्याची पातळी बघायची. यात तुला-मला शिकवायला नको, सांगलीकर पावसाळ्यात सकाळी उठून आधी आयर्विन पुलाची पातळी विचारतो, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे पोराटोरांना पाठ. तसंच इथं प्रत्येक नदीला मोजपट्टी आहे, यूएसजीएस या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या साइटवर फूट आणि क्युसेक दोन्ही दिसतात. आकड्यापेक्षा आलेखाची दिशा बघ. चढती नदी गढूळ असते, झाडं घेऊन येते, मासा पण तोंड उघडत नाही. उतरायला लागली, पाणी गढूळ जाऊन हिरवट झालं, की सुट्टी टाक. विल्सनसारख्या कोस्टच्या छोट्या नद्या एका रात्रीत चढतात आणि दोन-तीन दिवसांत उतरतात, सँडी उन्हाळ्यात माउंट हूडच्या हिमनदीमुळे दुधाळ होते. एक वही कर, तारीख, पातळी, पाण्याचा रंग, मासा लागला का. माझ्या अशा चार वह्या आहेत आणि मुलांना देईन पण तुला देणार नाही.

बोट खाली जाते, गाडी वर राहते, त्यामुळे शटल पण बघावं लागतं. दोन गाड्या असतील तर एक आधी खाली सोडून यायची, नाहीतर पैसे घेऊन गाडी खाली नेऊन ठेवणारे लोक बऱ्याच नद्यांवर असतात. गाडीत लॅपटॉप ठेवू नको, रॅम्पच्या पार्किंगमध्ये काचा फुटतात. आणि रॅम्पवर एक शिस्त आहे, सगळं सामान लांब पार्किंगमध्येच बोटीत भरायचं, पट्टे सोडायचे, प्लग लावायचा, मग ट्रेलर मागं घ्यायचा, बोट सोडायची, दोन मिनिटांत बाजूला. पहाटे साडेपाचला रॅम्पवर गाडी आडवी लावून थर्मास शोधणाऱ्या माणसाला लोक वर्षभर लक्षात ठेवतात. ट्रेलर रिव्हर्स घ्यायची प्रॅक्टिस रविवारी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये कर, बायकोला मागं उभं करून नको, त्यातनं भांडणंच होतात.

घरच्यांसाठी एक. पहिल्या ट्रिपला ८ तास नदीवर नेऊ नकोस. मे-जूनमध्ये, ऊन असलेल्या दिवशी, चार तास, मधे वाळूवर थांबून थालीपीठ आणि दही. पोरीला वल्हं धरू दे संथ डोहात. माझी मुलगी तशीच शिकली, आता ती वल्हवते आणि मी पुढं बसतो, हा दिवस यायला ११ वर्षं लागली. आणि हो, इथले जुने लोक बोटीत केळं आणणं अपशकुनी मानतात, मासा लागत नाही म्हणतात. माझ्या सासूबाईंनी एकदा सांगलीहून आणलेले केळ्याचे वेफर्स डब्यात भरून दिले होते, सोबत आलेल्या एका म्हाताऱ्याने पिवळा तुकडा उचलून बघितला, विचारलं हे काय, आणि कळल्यावर तो दिवसभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्या दिवशी मासा खरंच लागला नाही.

बोट बघायला जाशील तेव्हा वरून चकाचक काढलेले फोटो मला पाठवू नकोस. चटईवर झोपून काढलेले पाठव, तळाच्या चारी कडांचे, मागच्या पुलीचा एक, आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांचे आतल्या बाजूने. पैसे द्यायच्या आधी पाठव, दिल्यावर नको.